तिसरी सीडी



गेले तीन-चार आठवडे या सदरात आम्ही जातपडताळणी, शिष्यवृत्ती आणि उत्पन्नाचे दाखले यांवरच लिहीत आहोत. परवा एका वाचक भगिनीने विहाराच्या पायरीवर गाठून आम्हाला सुनावले, "भाऊ, दर आठवड्याला अर्ज आणि दाखले! कधीतरी घरात सगळ्यांनी मिळून वाचावं असंही काही लिहा की." तक्रार रास्त आहे. म्हणून या खेपेला आमच्या पिशवी-सभेची हकीकत सांगतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळची वंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही सहा-सात जण सतरंजीवर बसतो. सगळे सिनेमाचे वेडे. प्रत्येकाजवळ एक कापडी पिशवी असते आणि पिशवीत महिनाभरात विकत घेतलेल्या सिनेमाच्या सीडी किंवा डीव्हीडी असतात. एकेकाने त्या बाहेर काढायच्या, कुठे मिळाल्या ते सांगायचे, इतरांनी हातात घेऊन पाहायच्या. किंमत खोटी सांगायची नाही, हा एकच नियम. (घरी गेल्यावर सहचारिणीला किती सांगायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

लोक हसतात. आमच्याच कार्यालयातले एक सहकारी म्हणाले, "अहो, आता सीडी कोण घेतं? सगळं फोनवर आहे." त्यांचे खोटे नाही. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली ते काम थांबवले. त्याच वर्षी मुंबईतल्या काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस बंद झाले. आमच्या खिशाला ते दुकान कधी परवडले नाही, पण उभे राहून पाहायला कुणी मना करीत नसे. आमच्या भागातल्या व्हिडिओ लायब्ररीच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मग आम्ही घेतो कुठून? रद्दीवाल्याकडून, पदपथावरून, चोरबाजारातून, आणि एखादी जुनी लायब्ररी माल मोकळा करते तेव्हा तिथून. वीस रुपयाला सिनेमा मिळतो. चहा-वडापावसुद्धा त्यात येत नाही.

पण वस्तू विकत घेऊन आपल्या घरात ठेवण्याचा हा सोस कुठून आला, ते सांगायला हवे.

१९८२ साली स्वातंत्र्यदिनी आपल्या देशात रंगीत दूरदर्शन सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झाले आणि त्या सुमारास पैसेवाल्यांच्या घरी टीव्हीबरोबर व्हिडिओही येऊ लागला. आमचे बालपण चाळीत गेले. मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की आम्ही पोरे त्या दाराशी जमायचो. इतर पोरे आत फरशीवर बसायची. आमच्या रांगेतल्या खोल्यांतली आम्ही तिघे-चौघे उंबऱ्याबाहेर. कुणी तोंडाने "बाहेर बसा" म्हणत नसे. आत जागाच नसे, एवढेच. आणि घरात पाहुणे आले की दार लोटले जाई. पुढचा सिनेमा आम्ही नुसता ऐकायचो. किती सिनेमांचे शेवट आम्ही असे कानाने पाहिले आहेत!

मग एका वर्षी जयंतीच्या कार्यकर्त्यांनी ठरवले की आपण भाड्याने व्हिडिओ आणायचा. घरटी पाच रुपये वर्गणी. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, एका रात्रीसाठी. हातगाडीवरून टीव्ही आला तेव्हा त्याच्यापुढे आम्ही पोरे मिरवणुकीसारखी चाललो होतो. मैदानात टेबल मांडले. पट्ट्या यायला लागल्या की व्हिडिओवाला मशीनचे एक बटण फिरवी आणि नाहीच जमले तर झाकण उघडून आतले हेड स्पिरिटने पुसे. पडद्याच्या तळाशी कुठल्याशा लायब्ररीची जाहिरात सरकत जायची. वरती जय मरतो आहे आणि खालून साडी सेंटरचा पत्ता चालला आहे, असे 'शोले' आम्ही त्या रात्री पाहिले.

आमची आई त्या रात्री अगदी पुढे, टेबलाच्या पायाशी बसली होती. झोप आली तरी उठली नाही. पहाटे म्हणाली, "पाच रुपये दिल्यात म्या. पुढंच बसनार."

या एका वाक्यात आमच्या पिशवी-सभेचे सगळे मूळ आहे, असे आम्हाला वाटते. असो.

आता मागच्या रविवारची गोष्ट. सभेत सर्वांत ज्येष्ठ म्हणजे आमचे फिटरकाका, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नगरपालिकेच्या शाळेतल्या एक ताई आहेत. एक टेलरमामा आहेत. त्यांना फक्त काळे-पांढरे सिनेमे चालतात. आणि घरोघरी पार्सल पोचवणारा आमचा एक भाचा. बाकीचे येऊन-जाऊन.

ताईंनी पिशवीतून 'जय भीम कॉम्रेड'ची डीव्हीडी काढली. आनंद पटवर्धनांचा हा माहितीपट. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले, तिथून सुरू झालेले हे काम चौदा वर्षे चालले. तीन तासांहून मोठा सिनेमा, गाण्यांनी भरलेला. असा सिनेमा थिएटरात शुक्रवारी लागत नाही. वस्त्या-वस्त्यांतून पडदा लावून आणि डीव्हीडी हातोहात विकूनच तो लोकांपर्यंत गेला. ताई म्हणाल्या, "माझी पहिली प्रत एका विद्यार्थिनीने नेली, परत आली नाही. तिच्याकडून तिच्या मैत्रिणीकडे गेली म्हणे. म्हणून दुसरी घेतली." आम्ही म्हटले, ही न आलेली प्रतच खरी कामाला लागली.

भाच्याने मात्र सगळ्यांना गप्प केले. त्याने काढली सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या तीन सिनेमांची पेटी. ब्लू-रे, अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीची. जुनी वापरलेली घेतली, तरी त्याचे आठवड्याचे पैसे गेले. ही कंपनी १९८४ पासून जगातले निवडक सिनेमे साफसूफ करून, माहितीची पुस्तिका जोडून विकते. तिकडे तिचे वेड इतके की २०२४ साली तिने एक गाडीच कपाटासारखी डिस्कनी भरून न्यूयॉर्कमध्ये उभी केली. आत जायचे, ठरलेल्या तीन मिनिटांत आपल्या आवडीच्या डिस्क उचलायच्या आणि बाहेर यायचे, पैसे देऊन अर्थातच. लोक तासन् तास रांगेत उभे. टेलरमामा म्हणाले, "आपल्याकडं रॉकेलला असायची तशी."

पण पेटीमागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रायसाहेब १९९२ साली गेले. त्यांच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. १९९३ साली तिथे आग लागली आणि त्या जळाल्या. उरलेल्या करपलेल्या रिळांचा काही उपयोग नाही असेच सगळे धरून चालले होते. तरी अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या संग्रहालयाने ती रिळे फेकली नाहीत, जपून ठेवली. वीस वर्षांनंतर इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या कारागिरांनी ती हाती घेतली. ठिसूळ झालेली फिल्म द्रावणात ठेवून पुन्हा मऊ केली, वितळून चिकटलेले डिंक-मेण हाताने काढले, तुटलेल्या कडा जोडल्या. जे भाग वाचले नव्हते ते इतर प्रतींतून घेतले. २०१५ साली तिन्ही सिनेमे पुन्हा उभे राहिले.

फिटरकाका पुस्तिकेतली जळक्या रिळाची चित्रे कितीतरी वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "हे फिटरचं काम आहे. साहेबाचं नाही."

आपल्याकडे असे कुणी वाचवले नाही म्हणून किती गेले! १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यात आगीत जुन्या फिल्मची रिळेच्या रिळे खाक झाली. सरकारी तिजोरीत ठेवलेले जळते, मग घरातल्या कपाटाची काय कथा.

इतके ऐकून आम्ही म्हटले, चला, लावा. ताईंच्या मुलाने आणलेल्या प्लेअरमध्ये भाच्याने डिस्क घातली. पडद्यावर पाटी आली की ही डिस्क या विभागात चालणार नाही. भाच्याचा चेहरा उतरला. आठवड्याची कमाई!

दोष त्याचा नाही, पण ही गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडले आहेत. डीव्हीडीच्या वेष्टनावर पृथ्वीच्या चित्रात आकडा असतो. आपला देश ५ क्रमांकात. ब्लू-रेला अक्षरे, अमेरिकेला ए, आपल्याला सी. एका विभागाची कुलूपबंद डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. वेष्टनावर 'ऑल' किंवा शून्य असेल तर कुठेही चालते. कुठलीही डिस्क घेणारा प्लेअर मिळतो, पण तो आधी घ्यायचा आणि पेटी नंतर. पैसे मोजलेली वस्तू कुठल्या देशात पाहायची हे दुकानदाराने ठरवावे, हा न्याय आम्हाला काही पटत नाही. भाच्याने पेटी विकायला नकार दिला. "मामा, प्लेअर घेईन दिवाळीच्या बोनसमधून. तोपर्यंत पुस्तिका वाचतो," म्हणाला.

आता आमची पाळी. आम्ही या वेळी नवे काही आणले नव्हते. जुनेच आणले होते, आणि नाइलाजाने.

नोकरीला लागल्यावर पगाराच्या फरकाच्या पैशांतून आम्ही व्हीसीडी प्लेअर घेतला आणि त्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो असताना शिवाजी पार्कच्या एका स्टॉलवरून पहिली खरेदी केली. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', हिंदीतला, तीन सीडींचा संच. जब्बार पटेलांचा हा चित्रपट मुळात इंग्रजीत तयार झाला, २००० साली पडद्यावर आला. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीन तासांचा सिनेमा तीन सीडींत का, असे मुले विचारतात. व्हीसीडी म्हणजे गाण्यांची सीडी असते तीच. तिच्यात सव्वा तासाच्या आसपास चित्र मावते. त्याहून मोठा सिनेमा असला की तुकडे करावेच लागतात.

आईने तो संच किती वेळा पाहिला याची गणती नाही. एक सीडी संपली की म्हणायची, "बदल की रं ती शिडी, बाबासायब खोळंबल्यात." शेवटच्या सीडीत नागपूरचा दीक्षेचा प्रसंग आहे. आईचे वडील गिरणी कामगार. १९५६ च्या ऑक्टोबरात ते मुंबईहून रेल्वेने नागपूरला गेले होते. तो प्रसंग आला की आई टीव्हीच्या अगदी जवळ सरकायची आणि गर्दीतले चेहरे निरखायची. आम्ही शिकलेसवरलेले! एकदा सांगून टाकले, "आई, ही सिनेमासाठी उभी केलेली माणसं आहेत. आजोबा यात कुठून असणार?" ती मागे न वळता म्हणाली, "असंनात. पर गर्दी तीच हाय न्हवं."

आई कालकथित होऊन काही वर्षे झाली. या महिन्यात तिचा स्मृतिदिन. घरच्या मुलांना तोच संच दाखवावा असे मनात आले. पहिली सीडी चालली, दुसरी अडखळत चालली, तिसरी प्लेअर घेईच ना. आत जाते, घरघरते आणि 'नो डिस्क'. भाचा म्हणाला, "मामा, फोनवर मिळेल की." मिळेलही. पण सहा इंची पडद्याभोवती पाच डोकी कशी बसवायची? शिवाय फोनवरच्या दुकानदारांचे करार संपले की आज असलेला सिनेमा उद्या नाहीसा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातही आम्हाला हवी होती ती आईच्या हातची तिसरी सीडी.

फिटरकाकांनी ती कडेने धरली, ट्यूबलाइटखाली तिरकी केली, आणि काही बोलले नाहीत. मग आपल्या पिशवीतली एक सीडी काढून शेजारी धरली. त्यांची खालून चांदीसारखी पांढरी. आमची जांभळट.

"भाऊ, ही कॉपी आहे."

सतरंजीवर सगळे शांत. आम्ही, चोरून विकलेल्या वह्या-पुस्तकांविरुद्ध याच सदरात लिहिलेले आम्ही, वीसेक वर्षे घरात चोरीचा माल जपून ठेवला होता! तोही कुणाच्या चित्रपटाचा? काकांनी मग सगळ्यांना समजावून सांगितले. कंपनीची सीडी साच्यात दाबून बनते, खालून चांदीसारखी असते, आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत कारखान्याचा क्रमांक असतो. कॉपीची सीडी म्हणजे कोऱ्या सीडीवर रंगाच्या थरात लेसरने लिहिलेली. तो रंग ऊन-उष्णतेने उडतो. आमचे कपाट पश्चिमेच्या खिडकीला. ताईंनी विचारले, टूथपेस्ट लावून पाहू का? काका म्हणाले, पेस्टने वरवरचा ओरखडा कधी जातो, उडालेला रंग येत नाही. आणि ओरखडा लेबलाच्या बाजूने पडला असेल तर सीडीचे कामच संपले, कारण चित्र त्या लेबलाच्या लगेच खाली असते. डीव्हीडीचे तसे नाही, तिचा थर मध्ये असतो. पुसायचे ते मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. लेबलावर बॉलपेनने नाव लिहायचे नाही.

आम्ही बी. कॉम. आहोत, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. त्या काळी अस्सल सीडी महाग होती आणि स्टॉलवर स्वस्त मिळाली, हे कारण आम्ही स्वतःला देऊन पाहिले. पण २००७ च्या सुमारास मोसर बेअर या कोऱ्या सीडी बनवणाऱ्या कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. पाच माणसांच्या घराला थिएटरच्या एका तिकिटातही पाहता येईना असा सिनेमा ३४ रुपयांत, तोही कायमचा. चोरीच्या मालाहून अस्सल स्वस्त झाला. तेव्हा आम्ही इतर सिनेमे धडाधड घेतले, आणि हा एक संच बदलून घ्यायचे आमच्या मनात आले नाही. चालत होता ना! ती कंपनीही पुढे टिकली नाही, २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. त्या सीडी मात्र आमच्या कपाटात अजून नीट चालतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिटरकाका आमच्या दारात. हातात त्यांचा स्वतःचा संच, अस्सल, तिन्ही सीडी कागदी पाकिटात, पाकिटांवर पेन्सिलीने क्रमांक. चहाही न घेता म्हणाले, "स्मृतिदिनाला लावा. पण पुढच्या सभेला परत. मी उधार देत नाही कुणाला, माहीत आहे ना?"

स्मृतिदिनाला खोलीत अठरा माणसे होती. उंबऱ्याबाहेर कुणी नव्हते, पलंगावर चार, खाली दाटीवाटीने बाकीचे. तिसरी सीडी बदलताना आम्ही आईचे ते शिडीचे वाक्य सांगितले, तर मोठे हसले आणि लहानांना काही कळले नाही. नागपूरचा प्रसंग आला तेव्हा आमची धाकटी पुतणी, सात वर्षांची, टीव्हीजवळ जाऊन बसली. तिला कुणी सांगितले कोण जाणे. विचारते कशी, "यातले आजीचे बाबा कोणते?" आमच्या सहचारिणीने पडद्यावर बोट ठेवून एक पांढरी टोपी दाखवून दिली. आम्ही या वेळी काही दुरुस्ती केली नाही.

काकांचा संच येत्या रविवारी परत करायचा आहे. वाचकांपैकी कुणाकडे या चित्रपटाचा अस्सल हिंदी संच, व्हीसीडी वा डीव्हीडी, जादा असेल तर विहाराच्या मागच्या खोलीत दुसऱ्या रविवारी घेऊन यावा. सांगाल ती किंमत देऊ, फुकट नको. आणण्यापूर्वी सीडी उलटी करून तेवढी पाहून घ्यावी.